हाराच्या टोकाला घंटा

"पण धागा का काढायचा, ते तरी सांगाल का वस्ताद?"

सबनीस सरांचा आवाज चढला होता. तीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेला माणूस. कुणी कारण न सांगता हुकूम सोडला की त्यांचं टाळकं सरकायचं.

आमचे ईश्वरा वस्ताद कारणं सांगणाऱ्यातले नव्हेत. चाळीस वर्षं कोल्हापुरात लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर, उभे राहिलेले. मी त्यांचा चेला, सोबत आलो होतो.

सरांनी हौसेनं छोटा लेथ घेतला होता, घरातच, मागच्या खोलीत टेबलावर बसवलेला. काल खंडेनवमीला त्याची पूजा झाली होती. आज दसऱ्याच्या मुहूर्तावर पहिलं काम काढायचं, म्हणून वस्तादांना बोलावणं. कालचा झेंडूचा हार अजून चकवर होता. चक म्हणजे लोखंड पकडून गरगर फिरतो तो जबडा.

आणि सरांच्या उजव्या मनगटावर लाल धागा. चार बोटं गोंडा लोंबत होता.

"धागा काढा," वस्ताद पुन्हा म्हणाले.

"नाही काढणार! माझ्या लेकीनं, केतकीनं बांधलाय, जर्मनीला जाताना. दोन वर्षं झाली, आंघोळीलासुद्धा काढला नाही मी."

"मग मशीन चालू हुणार न्हाई."

"मशीन माझं आहे!"

"आन् हात कुणाचा हाय?"

"वस्ताद, मी लहान पोर नाही! सांभाळून काम करीन."

माझंही डोकं फिरलं. फिरणाऱ्या वस्तूचं गणित जन्मभर फळ्यावर मांडलं, आणि स्वतःच्या मनगटावरचा गोंडा दिसेना! मी बोलणार तोच वस्तादांनी डोळे वटारले.

ते देव्हाऱ्याकडं गेले. पितळी घंटा उचलून आणली. हाराचं एक टोक चकला करकचून बांधलं, दुसरं घंटेच्या कडीला.

"अहो, काय करताय? आईची घंटा आहे ती!"

"भिंतीला जावा दोघं."

आम्ही गेलो. वस्तादांनी बाजूला उभं राहून बटण दाबलं.

हार दिसलाच नाही. नुसता फटकारा… घंटा खाडकन चकवर आदळली, तिथून उडून पलीकडच्या भिंतीवर गेली आणि जमिनीवर घरंगळली. खोलीभर झेंडू. लगेच बटण बंद.

"अक्कल आहे का तुम्हाला?" सर ओरडले. "साठ वर्षं घरात होती ती! साठ वर्षं!"

वस्तादांनी घंटा उचलून त्यांच्या हातात दिली. आतला लोळा तुटून कुठंतरी गेला होता.

"वाजवा."

सरांनी रागानं हलवली. आवाज आला नाही. पुन्हा हलवली…

मग त्यांची नजर घंटा धरलेल्या हाताच्या मनगटावर गेली. तिथंच थांबली.



सरांनी घंटा खाली ठेवली. गाठ दातांनी सोडवायला लागले. दोन वर्षांची गाठ, सुटेना. वस्तादांनी खिशातून कात्री काढून पुढं केली. ती त्यांनी हिसकावूनच घेतली. धागा कापला. मुठीत धरून उभे राहिले.

"फोनवर रोज बघते ती, हातात आहे का म्हणून," सर मूठ न उघडता म्हणाले. "काय सांगू आता तिला?"

वस्ताद चकला गुंडाळलेला हाराचा दोरा नखानं सोडवत होते. वर न बघता खेकसले,

"सांगा, परत आलीस की पुन्ना बांध. बांधायला हात ठेवलाय."