फिरवलेली काठवट

एकदा एका म्हाताऱ्या माळ्याच्या घरात एकच खिडकी होती, आणि तिच्यावर दोन माणसांचा डोळा होता.

घर डोंगराच्या माथ्यावर. वारा फार, म्हणून छप्पर पार खाली उतरवलेलं. आत भर दुपारीही संधिप्रकाश. पौषात बाहेर दहिवर गोठे आणि कोवळं रोप एका रात्रीत काळं होई. त्यामुळे त्या गावात उन्हाळी मिरची कुणाला साधत नसे. म्हाताऱ्याला साधे. तो बी फडक्यात बांधून चुलीच्या उबेला ठेवी. मोड दिसला की पळसाच्या द्रोणांत माती भरून त्यात पेरी, द्रोण काठवटीत मांडी आणि ती पसरट लाकडी परात खिडकीखालच्या फळीवर ठेवी. थंडी सरेपर्यंत रोपं घरातच वाढत. मग वाफ्यात जात.

ते बी त्याला त्याच्या गुरूने दिलेलं. राखेत घोळवून एका गाडग्यात ठेवलेलं असे. तसलं बी पंचक्रोशीत दुसरं नव्हतं. म्हाताऱ्याला मूलबाळ नव्हतं. गाडगं ज्याच्या हाती जाईल तो पुढचा माळी, हे सगळे जाणून होते.

शिष्य दोन. जुना शिष्य मिसरूड फुटायच्या आधी आला होता. आता त्याचे कानशिलावरचे केस पांढरे होत होते. नवा मागल्या वर्षी आला. तो आधी बाजारात पोती वाहायचा. खांदा निकामी झाला तसा डोंगर चढून आला आणि राहिला.

जुन्याने आजवर शेणखत वाहिलं, वाफे बांधले, पाणी दिलं, मिरची तोडली, वाळवली. खिडकीचं काम मात्र म्हाताऱ्याने कधी कुणाला दिलं नव्हतं. जुना दुरून बघे. त्याला वाटे, म्हातारा खिडकीशी नुसता उभा राहतो.

त्या पौषात म्हाताऱ्याने दोन काठवटी काढल्या आणि दोघांपुढे एकेक ठेवली. माझे हात आता कापतात, या खेपेला खिडकी तुम्ही सांभाळा, असं तो म्हणाला. रोपं अंगणात निघतील त्या दिवशी गाडग्याचं बघू, एवढंच पुढे म्हणाला.

जुन्याच्या डोक्यात तिडीक गेली. गाडगं आपलंच आहे, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. आता ते जिंकून घ्यायचं होतं, आणि तेही एका पोती वाहणाऱ्याकडून.

पण त्याला याहून जास्त झोंबत होती ती वेगळीच गोष्ट. म्हातारा नव्याशी बोलताना हसे. जुन्याच्या वाट्याला "बांध घाल", "पाणी तोड" यापलीकडे शब्द नसत. त्या पौषात बियांची पुरचुंडी चुलीजवळ ठेवताना नवा म्हणाला होता, "बाबा, लाड करायचे, उबेत निजवायचं, आणि मोठं झालं की हे आपल्यालाच झोंबणार. जावयाची जात दिसते." त्यावर म्हातारा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. जुना शेजारीच लाकडं फोडत होता. त्याने ते हसणं ऐकलं आणि ते त्याच्या पोटात काट्यासारखं राहिलं.

पेरणीच्या दिवशी नव्याने प्रत्येक द्रोणात एकेक बी टाकलं. ते बघून जुन्याने दोन-दोन दाबली. त्याच्यापेक्षा जास्त रोपं दिसली पाहिजेत, एवढाच विचार. उगवल्यावर द्रोणात दाटी झाली. एक उपटायला हवं, हे त्याला कळत होतं. पण उपटलं तर संख्या कमी होणार. त्याने दोन्ही ठेवली.

फळी अरुंद. दोन काठवटी जेमतेम मावत. जुन्याने आपली काठवट बोटभर उजेडाकडे सरकवली. काही दिवसांनी आणखी बोटभर. नव्याची तेवढी भिंतीच्या सावलीत गेली. नवा मात्र सकाळी पाणी शिंपडी आणि कामाला जाई. तो भांडत नाही, याचाही जुन्याला राग आला. मत्सराला कारण पुरवावं लागत नाही. तो मिळेल त्यावर जगतो.

एवढं करूनही नव्याची रोपं तरारली. सगळी एका अंगाने खिडकीकडे झुकलेली. आपला उजेड मागायला दारात उभी राहिलेली माणसं असावीत, तशी ती जुन्याला दिसली. एका तिन्हीसांजेला घरात कुणी नव्हतं. त्याने नव्याची काठवट दोन्ही हातांनी धरली आणि अर्धी फिरवली. रोपांची तोंडं भिंतीकडे झाली.

"बसा आता अंधाराकडे बघत," तो पुटपुटला. त्याला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सांजेला बघतो तर रोपं पुन्हा उजेडाकडे वळू लागलेली. त्याने पुन्हा फिरवली. मग हे रोजचंच झालं. मळ्यातून सगळ्यांच्या आधी परतायचं, काठवट फिरवायची, मग हातपाय धुवायचे. अंगात ताप होता तेव्हाही तो भिंतीला धरून उठला आणि फिरवून आला. नव्याच्या कुठल्या द्रोणात कुठलं पान नवं आहे, हे त्याला तोंडपाठ झालं. स्वतःच्या काठवटीत पाणी घालायचं, तेही घाईघाईने.

एकदा रात्री जेवताना म्हाताऱ्याची बायको त्याला भाकरी वाढता वाढता थांबली. "तुझं पान इथे आहे," ती म्हणाली. "डोळे त्याच्या पानात का ठेवलेस?"

"माझ्या पानातला कांदा मोठा आहे, आई," नवा म्हणाला आणि त्याने आपला कांदा उचलून जुन्याच्या पानात टाकला. म्हातारा मान खाली घालून जेवत राहिला. जुन्याने तो कांदा खाल्ला नाही.

थंडी सरली. म्हाताऱ्याने दोन्ही काठवटी अंगणात आणवल्या आणि दिवसभर वाऱ्यावर ठेवायला सांगितलं. दुपारी वारा सुटला. जुन्याची रोपं उंच होती. ती बघून आदल्या दिवसापर्यंत तो मनात सुखावत होता. पण ती बारीक होती आणि सगळी एकाच बाजूला वाकलेली. वाऱ्याच्या पहिल्या झोताला ती आडवी झाली ती उठली नाहीत. नव्याची बुटकी होती, दांड्याने जाड, चारी अंगांना पानं फुटलेली. ती हलली आणि उभी राहिली.

नव्याने म्हाताऱ्याला हात जोडले. "बाबा, ही माझी करणी नाही. माझ्या काठवटीची कड एका जागी फुटकी आहे. ती एका सकाळी खिडकीकडे दिसे, दुसऱ्या सकाळी भिंतीकडे. मी समजलो, तुम्ही फिरवता."

"पौषापासून मी फळीला हात लावलेला नाही," म्हातारा म्हणाला.

म्हातारी दारात उभी होती. तिने जुन्याकडे एकदा बघितलं आणि ती आत गेली. तेव्हा जुन्याला उमगलं, की घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. एका नव्यालाच ठाऊक नव्हतं.

म्हाताऱ्याने गाडगं आणलं आणि नव्याच्या हातात दिलं. जुन्याने मान खाली घातली. हे होणार, हे त्याने वाऱ्याच्या पहिल्या झोतालाच ओळखलं होतं. पण म्हातारा तेवढ्यावर थांबला नाही. त्याने सरळ रोपांची काठवट उचलून जुन्यापुढे ठेवली आणि आडव्या पडलेल्या रोपांची नव्यापुढे.

"ही तू लाव," तो जुन्याला म्हणाला. "ती तो लावील."

नव्याने वाकड्या रोपांची काठवट जवळ ओढली.

"बाबा, ही माझी नाहीत," जुना म्हणाला.

"मग कुणाची?"

"त्याची."

"त्याने पाणी घातलं. सरळ कुणी केली?"

जुन्याने नुसतं आपल्या हातांकडे बघितलं.

"तोंडाने बोल."

"मी फिरवली," जुना म्हणाला. "ती मरावीत म्हणून."

म्हातारा ओट्यावर बसला. मग सावकाश बोलला. "आपल्या घरात उजेड एकाच बाजूने येतो. रोप तिकडे झुकतं. म्हणून काठवट रोज फिरवावी लागते. हे माझ्या गुरूने मला गाडगं देताना सांगितलं आणि मी ते तुला गाडगं देतानाच सांगणार होतो. ते तू न सांगता केलंस. एक सांज चुकवली नाहीस. रोपाला तुझं मन कळत नाही, हात कळतो. म्हणून त्याचं भलं झालं. तुझं झालं नाही. तू सगळा वेळ एकाच दिशेला बघत राहिलास. माणूस ज्याच्याकडे बघत राहतो, तिकडे वाकतो. तुझी रोपं आणि तू एकाच फळीवर वाढलात."

जुन्याचा आवाज चढला. "तुम्हाला ठाऊक होतं. मग मला का नाही फिरवलंत?"

"रोज सांजेला वाट बघितली," म्हातारा म्हणाला. "त्याची फिरवून झाल्यावर एक दिवस तरी तू आपली फिरवशील म्हणून. रोपाला माणूस फिरवतो. माणसाला स्वतः फिरावं लागतं."

"तुम्ही त्याच्याशी हसता," जुना म्हणाला. एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडून ते पोरकट वाटलं. पण इतक्या वर्षांत तेवढंच त्याच्या मनातलं बाहेर आलं होतं.

"तो हसवतो," म्हातारा म्हणाला. "तू मला कधी हसवलंस?"

जुन्याने ती रोपं लावली. उपटून फेकायचं त्याच्या मनात आलं होतं. हात झाला नाही. प्रत्येक रोपाचं पान न् पान त्याच्या ओळखीचं होतं. त्या उन्हाळ्यात त्याच्या वाफ्यासारखा वाफा डोंगरावर दुसरा नव्हता. वाटेने जाणारे थांबून वाखाणत, आणि दर वेळी त्याला ठसका लागल्यासारखं होई. पलीकडे नव्याने वाकडी रोपं गळ्यापर्यंत मातीत पुरली, काटक्यांचे टेकू दिले. निम्मी जगली. टेकू बांधायला सुतळी कमी पडली तेव्हा जुन्याने आपली दिली. कुणी मागितली नव्हती.

पुढला पौष आला. आता गाडगं नव्याकडे होतं. त्याने दोन काठवटी काढल्या आणि एक जुन्यापुढे ठेवली. जुन्याने द्रोणात एकेकच बी टाकलं. फळीवर मधोमध रेघ धरून दोन्ही काठवटी मांडल्या.

रोपं वर आली. सवयीने जुना सांजेला सगळ्यांच्या आधी घरी आला. त्याने आपली काठवट फिरवली. मग त्याचा हात शेजारच्या फुटक्या कडेवर गेला आणि तिथे थांबला. हीच वेळ, हेच घर, हाच हात. थोड्या वेळाने त्याने ती काठवटही फिरवली, इतकी हळू की एका द्रोणातली माती हलली नाही.

मागे चुलीपाशी म्हातारा बसला होता. तो अंधारात असल्याने जुन्याला आधी दिसला नव्हता. जुना अवघडला. मग काठवटीकडे बोट दाखवून म्हणाला, "जावयाला कूस बदलून दिली, बाबा."

म्हातारा हसला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

शेजाऱ्याच्या फळीकडे बघायला हरकत नाही. बघून झालं की आपली काठवट फिरवावी.