पाचरीचा पूल

पूर्वी शैलावती नगरात भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या पदरी स्थपती होते. वेशीसमोरच्या खोल नदीवर त्यांनी लाकडी पूल बांधला होता. त्याची सारी करामत एका पाचरीत होती. शत्रू आला की पहारेकऱ्याने घण घालून पाचर उडवायची, म्हणजे पूल नदीत कोसळे. दरवर्षी उत्सवात रिकामा पूल असा पाडून दाखवीत आणि मग पुन्हा उभारीत. लोक वाहवा करीत, राजा बोधिसत्त्वांना सोन्याचे कडे देई. त्यांनाही ते आवडे. पुढे बुद्ध व्हायचे असले म्हणून कौतुकाचा मोह सुटत नाही.

शत्रू कधी आलाच नाही. आली ती शेजारच्या राज्यातली घरे जळालेली माणसे, म्हाताऱ्यांना पाठुंगळीला घेऊन. राजा तटावर उभा होता.

"स्थपती, पाचर काढा."

"महाराज, पुलावर माणसं आहेत."

"म्हणूनच काढायची. एकदा आत आली की कोण हाकलणार त्यांना?"

बोधिसत्त्वांनी नकार दिला आणि लोकांना मागे फिरवायला ते स्वतः पुलावर धावले. आपण पुलावर असताना राजा घण घालू देणार नाही, अशी त्यांची समजूत होती. ती खुळी ठरली. पहारेकऱ्यांना त्यांनीच शिकवले होते. एका घावात काम झाले. कितीतरी माणसे वाहून गेली. बोधिसत्त्व कसेबसे पलीकडच्या काठाला लागले.

त्यांनी मुंडन केले आणि त्या निर्वासितांतच तापस म्हणून राहिले. नवा पूल बांधायला राजाने बोलावणे धाडले, प्रधानपद देऊ केले. ते गेले नाहीत. गावोगाव भिक्षा मागून आणीत, पेज शिजवून वाढीत. लोक त्यांच्या पाया पडत.

एकदा सोमदिन्ना नावाची बाई पेज घेताना म्हणाली, "बाबा, माझा नवरा त्या पुलाबरोबर वाहून गेला. असला पूल कुणा मेल्यानं बांधला असेल हो?"

त्या पुलाचे स्थपती तेच, हे तिथे कोणाला ठाऊक नव्हते. गप्प राहणे सोपे होते.

"मी बांधला," ते म्हणाले.

सोमदिन्नाने आपली पेज मातीत ओतली. मग लेकीचे भांडे पुढे केले. "हिला वाढा. मला नको."

त्यानंतर कोणी पाया पडले नाही. काहींनी दगडही मारले. बोधिसत्त्व रोज पेज आणीत राहिले, सोमदिन्ना रोज लेकीचेच भांडे पुढे करीत राहिली. ते वारले तेव्हा ती पाहायलाही आली नाही.

गावाबाहेरच्या झाडाखाली ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा भद्रसेन म्हणजे आज आपल्याला वेशीवर अडवणारा या गावचा प्रमुख. सोमदिन्नाची ती लेक म्हणजे आपली ज्येष्ठ भिक्खुणी, थेरी विमलदत्ता. स्थपती मीच होतो."

"आणि सोमदिन्ना?" एका भिक्खूने विचारले.

"ती याच गावात आहे. मघाशी आपल्याला पाहून जिनं दार लावून घेतलं, ती. तिला बोल लावू नका. मी तेव्हा खरं सांगितलं, ती माझी सत्यपारमी, सत्याची पूर्णता. खरं सांगितल्यानं बुडालेली माणसं परत येत नाहीत. तरी सांगावं लागतं."