टांगलेल्या गाडीचा कोन

एकदा एका शिष्याला स्वतःच्याच हातच्या कामाची धास्ती बसली. घाटमाथ्यावरच्या एका गावात जुन्या मोटारी दुरुस्त करणारे एक वृद्ध उस्ताद होते; त्यांच्याकडे तो शिकत होता. हात चांगला, नजर चांगली, फक्त घाई जरा जास्त. स्वतःला तो पुष्कळच तयार समजत असे, आणि या वयात कोण समजत नाही?

गावातल्या एका गूळव्यापाऱ्याने वडिलांच्या काळची मोटार उस्तादांकडे आणून सोडली. तिचा मागचा एक्सल, म्हणजे चाकांचा आडवा आस, पार झिजला होता, त्या जागी दुसऱ्या गाडीचा दणकट एक्सल बसवायचा होता. अशा कामात खरी मेख असते ती कोनाची. इंजिनाचा जोर मागे नेणारा लांब शाफ्ट दोन्ही टोकांना सांध्यांनी जोडलेला असतो, आणि शाफ्ट जिथे जोडतात ते एक्सलचे तोंड किती वर, किती खाली ठेवले यावर त्या सांध्यांचे आयुष्य ठरते. पुढचा सांधा भरवेगात तुटला तर शाफ्टचे टोक रस्त्यात रुतते आणि गाडी उलटू शकते. अशी एक गाडी शिष्याने पाहिली होती. तिचा फाटलेला तळ तो विसरला नव्हता.

"नुसते कच्चे टाके मार," बाहेरगावी जाताना उस्तादांनी बजावले होते. "पक्कं वेल्डिंग मी बघितल्यावर."

शिष्याने गाडी लोखंडी घोडे लावून अधांतरी टांगली, खाली शिरला आणि कोन लावला. शाफ्ट आणि एक्सलचे तोंड अगदी एका रेषेत आले. ते सरळपण त्याला इतके आवडले की टाक्यांवर न थांबता तो पक्के वेल्डिंग करूनच मोकळा झाला.

मग त्याने गाडी सपाट रस्त्यावर चालवून पाहिली. वेग वाढताच पायाखाली काहीतरी घरघरले. वेग कमी केला, घरघर थांबली. जुनी गाडी आहे, थोडं वाजणारच, अशी त्याने मनाची समजूत घातली. पण मन काही ऐकेना.

परतल्यावर उस्ताद गाडीखाली डोकावले आणि एवढेच म्हणाले, "कशी चालतीया?"

"झकास," शिष्य म्हणाला. तो हत्यारे आवरायला वळला.

त्याच संध्याकाळी व्यापारी खुशीत येऊन सांगून गेला, "उद्या घाट उतरून लेकीकडं बारशाला जायचंय. आई, आमची मंडळी, धाकटा, सगळीच निघालोय!"

शिष्याला जेवण गेले नाही. सांगावे तर उस्तादांचा विश्वास जाईल, आणि न सांगावे तर? 'तर'च्या पुढे विचार करायचे धाडसच त्याला होईना. काही होणार नाही, असे तो स्वतःला सांगत राहिला आणि प्रत्येक वेळी अधिकच घाबरत राहिला.

सकाळी व्यापाऱ्याचे कुटुंब नटूनथटून आले. तेव्हा उस्तादांनी मोठे विचित्र काम केले. गाडीखाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर ती उभी करून त्यांनी सगळ्यांना आत बसवले, मागच्या चाकांपुढे लाकडी ओंडके ठोकले, स्वतः स्टिअरिंगवर बसले आणि शिष्याला म्हणाले, "बॅटरी घे, खड्ड्यात उतर. नजर शाफ्टवर ठेव."

शिष्य उतरला. वर माणसे सावरून बसली तशी गाडी दबली आणि त्याच्या लाडक्या सरळ रेषेत बाक आला. उस्तादांनी इंजिन सुरू केले, गिअर टाकला, क्लच हळूहळू सोडला. चाके ओंडक्यांना अडली आणि अडून बसलेल्या बैलासारखे एक्सलने तोंड वर उचलले. सांधा आणखी वाकडा झाला. डोक्यावर व्यापाऱ्याच्या म्हाताऱ्या आईच्या बांगड्या वाजत होत्या, धाकटा खिदळत होता. शिष्याने गाडीच्या तळावर हात आपटला.

"बंद करा!" तो ओरडला. "उतरा सगळी! गाडी नेऊ नका!"

वर येऊन त्याने सगळे सांगितले; वेल्डिंगचे, घरघरीचे आणि 'झकास'चेही.

व्यापारी भडकला. "अरे, आज बारसं हाय!"

"मग यष्टीनं जाऊ की," त्याची म्हातारी आई दार उघडत म्हणाली. "बाळ काय पळून चाललंय?"

ती मंडळी गेल्यावर शिष्याने मान खाली घालून विचारले, "उस्ताद, तुम्हाला कालच कळलं होतं?"

"वेल्डिंग आल्या आल्या दिसलं. गाडी मी जाऊ देणार नव्हतोच."

"मग बोलला का नाही?"

उस्ताद ओंडक्यावर टेकले. "बोललो असतो तर माझ्या भीतीनं खोललं असतंस. तू गाडी टांगून कोन लावलास. टांगलेल्या गाडीत कोण बसतंय? माणसं बसली की ती दबते, जोर आला की एक्सल तोंड वर करतो. म्हणून वजन चढवून मोजायचं आणि तोंड आधीच जरा खाली ठेवायचं. तुझ्या भीतीचंही तेच, माणसं बसल्यावरच ती खरी कळते. काल तुला तुझं नाव खराब होईल याची भीती होती, ती तुला गप्प बसवत होती. आज खड्ड्यात वाटली ती त्या म्हातारीसाठी, तिनं तुला बोलतं केलं. ही भीती सोडू नकोस. ती नसेल तर या कामाला हात लावू नये."

शिष्याने स्वतःचेच वेल्डिंग कापून काढले. गाडी चाकांवर उभी केली, आत माणसे बसवली, मगच कोन मोजला. उस्तादांनी पाहिले आणि मान हलवली. तेव्हा कुठे त्याने पक्के वेल्डिंग केले.

कुटुंबाला परत आणण्यासाठी गाडी न्यायला व्यापारी एकटाच यष्टीने परत आला. अजून थोडा घुश्शातच होता. "आता निर्धास्त बसायचं ना?"

शिष्याने जरा विचार केला. "काम नीट झालंय," तो म्हणाला. "तरी घाट उतरेपर्यंत मी मागं बसतो." आणि उस्तादांकडे न बघताच तो गाडीत चढला.