इनामदारांचा देव

गुरवानं मूर्तीला चिकटवलेलं फूल उजवीकडे पडलं की गाव त्याला देवाचा कौल मानायचं, आणि इनामदारांसाठी ते नेहमी उजवीकडेच पडायचं. असाच कौल घेऊन त्यांनी सखोबाच्या आजारी मुलाला वेठीला धाडलं. पोरगं परत आलं नाही. सखोबानं देवळात जाणं सोडलं.

इनामदारांनी त्याला चावडीवर बोलावलं. "सख्या, तू मुळातच उद्धट. थोरामोठ्यांपुढे वाकत नाहीस, म्हणूनच देव मानत नाहीस. त्याच्या पाया पड, नाहीतर गाव सोड."

"सरकार, देवानं तुम्हाला आजवर एकदाही नाही म्हटलेलं नाही. म्हणजे तोही माझ्यासारखा तुमचा चाकरच. चाकरानं चाकराच्या पाया काय पडायचं?"

इनामदारांनी गुरवाकडे पाहिलं. गुरवानं सवयीनं मान डोलावली.

गावाबाहेर काढायलाही कौल लागे. तो मागायचं धाडस इनामदारांना पुन्हा झालं नाही. सखोबा गावातच राहिला, रिकाम्या घरात.