हत्ती पाहिला, धनी पाहिला नाही

फार वर्षांमागे घाटाखालच्या एका गावात बाबालाल नावाचा माहूत राहत होता. हत्तीच्या डोळ्यांत पाहून तो त्याच्या मनातलं ओळखायचा, असा त्याचा लौकिक होता. एके दिवशी नदीपलीकडच्या मुलखातल्या सरदाराचा स्वार त्याच्या दारात आला. सरदाराच्या हत्तीला माहूत हवा होता. राहायला घर, सणाला जरीचा फेटा आणि मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे चालायचा मान.

बाबालाल लगोलग हत्ती पाहायला गेला. नखं, कान, सोंड, पायांचे तळवे, त्याने काही म्हणता काही सोडलं नाही. दोन दिवस तो हत्तीखान्यातच बसून राहिला. जनावर गुणी होतं, फक्त अंगाने उतरलेलं. नवा माहूत आला की भरेल, असं सरदार म्हणाला आणि बाबालालला ते पटलं.

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. अमिनाने एकच विचारलं, आधीचा माहूत का गेला? ते त्याने विचारलं नव्हतं. तो नदीकाठच्या वस्तीवर राहतो, एवढंच कानावर आलं होतं.

"मग जाताना त्याला भेटून जा," अमिना म्हणाली. "हत्तीला तुम्ही सांभाळाल. पण तुम्हाला सांभाळणारा कसा आहे, ते तोच सांगेल."

बाबालाल चिडला. एवढ्या मोठ्या माणसाची चौकशी करत फिरायचं, आणि ते त्याच्या कानावर गेलं तर? हातात आलेलं काम जायचं. तो तिला नको ते बोलला. नदी ओलांडली तेव्हा त्याने वस्तीकडे वळूनही पाहिलं नाही.

महिनाभरात सगळं उघड झालं. सरदार हत्तीला अर्ध्या चाऱ्यावर ठेवत होता. पोट भरलं की जनावर माजतं, असं त्याचं म्हणणं. बाबालालने तीनदा चारा वाढवून मागितला, तिन्ही वेळा सरदाराने ते हसण्यावारी नेलं. दसऱ्याला पहाटेच अंबारी चढवून हत्तीला उन्हात उभं केलं. दुपार टळली तरी पाणी नाही. मग सरदार पाहुण्यांना घेऊन आला आणि गंमत म्हणून हत्तीच्या कानाशी बार उडवायला सांगितले.

बाबालालने हात जोडले. "सरकार, आज नको. तो कालपासून उपाशी आहे."

"धनी तू का मी?" सरदार म्हणाला. "उडवा रे."

बार उडाला तसा हत्ती बिथरला. बाबालाल त्याच्या मानेवरून खाली कोसळला आणि हत्तीचा पाय त्याच्या मांडीवर पडला. संध्याकाळी सरदाराने चारचौघांत सांगितलं की माहूतच नालायक निघाला. त्याला बैलगाडीत घालून हद्दीबाहेर, नदीकाठी सोडून दिलं.

वस्तीतल्या लोकांनी त्याला उचललं आणि नेलं ते आधीच्या माहुताच्या घरी. म्हातारा कुबडी टेकत बाहेर आला. त्याचाही पाय मांडीतून मोडलेला होता. तो पाहून बाबालालच्या अंगाची लाही लाही झाली.

"तुम्हाला ठाऊक होतं," तो म्हणाला. "आणि तुम्ही गप्प बसलात?"

"तू नदी ओलांडलीस त्या दिवशी मी दारातच होतो," म्हातारा म्हणाला. "खांद्यावरचा अंकुश ओळखून हाका मारल्या. तू मान वळवली नाहीस."

बाबालालचा राग सरदारावर होता, त्याहून जास्त स्वतःवर. पाय सांधायला सगळा हिवाळा गेला, राग काही शमला नाही. पण त्याने तो घरात बसून बायकोवर काढला नाही. कुबडी घेतली आणि त्या मुलखातल्या एकूण एक माहुताच्या घरी गेला. मोडलेला पाय दाखवला आणि दसऱ्याला काय घडलं ते जसंच्या तसं सांगितलं.

पुढे सरदाराचा स्वार गावोगाव हिंडला. जरीच्या फेट्याबरोबर त्याने घोडाही देऊ केला. एकही माहूत उंबऱ्याबाहेर आला नाही. शेवटी सरदाराला आपला हत्ती एका देवस्थानाला देऊन टाकावा लागला. तिथे त्या मुक्या जिवाला पोटभर चारा मिळाला. बाबालाल मात्र पुन्हा कधी हत्तीवर चढू शकला नाही.

तात्पर्य: चाकरी धरण्याआधी धन्याचं दार पाहून भुलू नका, त्या दारातून निघून गेलेल्या माणसाला गाठा. विचारायची लाज घटकाभराची, न विचारल्याचं भोगणं जन्मभराचं.