टिटवीचा दुसरा आवाज

बालमित्रांनो, जंगलाच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. ही गोष्ट माळाची आहे. एका उजाड माळावर एक टिटवी आपल्या एकुलत्या एका पिल्लासह राहत असे. तिथे सावलीला झाड नव्हते की लपायला झुडूप नव्हते. होते ते दगडच दगड. टिटवी काही घरटे विणत बसत नाही. उघड्यावर चार खडे गोळा केले आणि त्यांत अंडी घातली, की झाला तिचा संसार. असल्या उघड्या संसारात पिल्ले जगतात ती आईच्या दोन आवाजांवर.

पहिला आवाज तुमच्या कानावर आलेला असेल. ‘टिट्-टिट्-टिटीऽव! टिट्-टिट्-टिटीऽव!’ घोरपड आली, ससाणा आला, की टिटवी असे ओरडते आणि पिल्लू असेल तिथे पोट टेकून दगड होते. मग तुम्ही अगदी शेजारून गेलात तरी ते तुम्हांला दिसायचे नाही. दुसरा आवाज मात्र फार थोड्यांनी ऐकला आहे. तो घशातल्या घशात निघतो, ‘कुर्रऽ कुर्रऽ’ असा मऊ. ‘धोका गेला, बाळा, ये’ असा त्याचा अर्थ. तो कानी पडेपर्यंत पिल्लू जागचे हलत नाही. ऊन लागो, मुंगी चावो, ते आपले दगड होऊन पडून राहते.

या माळाच्या कडेने पूर्वी एक ओढा वाहत असे. डोंगरापलीकडच्या कुरणातल्या रानरेड्यांना डुंबायला जागा हवी होती. त्यांनी वरच्या अंगाला शिंगांनी दरड पाडली आणि ओढा तिकडे वळला. हे आठवणारी माळावर एकच उरली होती, पाठीवर चांदण्या असलेली म्हातारी कासवीण. ओढा गेला तसे डबके आटले, डबके आटले तसे किडेमुंग्याही पांगल्या. टिटवी समुद्र आटवते अशी म्हण आहे खरी. पण आटलेले डबके भरणे काही तिच्याने होईना. टिटवा मागेच ससाण्याच्या तोंडी पडला होता. चार अंड्यांतले एक पिल्लू जगले होते आणि तेही भुकेने रडत होते.

एके दिवशी म्हशींच्या पाठीवर बसून गावोगाव फिरणारा एक बगळा तिथे उतरला. तो म्हणाला, “टिटवीबाई, इथे काय दगड चोखत बसलीस? पलीकडच्या कुरणात राखणीला कोणी मिळत नाही. तिथल्यांना खाली मान घालून चरायचं असतं, वर बघायला सवड कुणाला आहे? पायाखाली गांडुळं वळवळतात तिथे. रोज थोडी माझ्याकडे दे, मी पिल्लाला पोचवीन.”

“आणि पिल्लू?” टिटवीने विचारले. “त्याला अजून पंख नाहीत. डोंगर कसा ओलांडेल ते?”

कासवीण उन्हात डोळे मिटून बसली होती. ती म्हणाली, “मी कुठे जाणार आहे? राहू दे माझ्यापाशी.”

टिटवीने मन घट्ट केले. पिल्लाला पंख फुटायच्या आत परत यायचे आणि त्याला आपणच उडायला शिकवायचे, असे तिने ठरवले. पण ती निघाली तसे पिल्लू लुटुलुटु तिच्या मागे धावू लागले. ती थांबली की थांबे, ती निघाली की धावे. शेवटी टिटवीने काय केले असेल? तिने धोक्याचा आवाज काढला! ‘टिट्-टिट्-टिटीऽव!’ पिल्लू गपकन दगड झाले आणि टिटवी उडाली. पाणावल्या डोळ्यांनी ती डोंगर ओलांडून गेली, पण दुसरा आवाज द्यायचा राहिलाच.

कुरण खरोखर हिरवेगार होते. दुरून डोंगर साजरे असे म्हणतात, पण हे जवळूनही साजरेच होते. मधून एक ओढा खळखळत होता. टिटवीने चोच बुडवली आणि ती दचकली. तीच चव! ती म्हणाली, “हे तर आमच्या माळाचं पाणी.”

चितळांचा म्होरक्या गवत चघळत म्हणाला, “पाणी ज्याच्या दारातून वाहतं त्याचं. तू कामाला आली आहेस ना? मग ऐक. आम्ही माना खाली घालू, तू तुझी वर ठेव. दिवसा आणि रात्रीसुद्धा. तुम्ही टिटव्या म्हणे पाय वर करून आभाळ पेलता. मग आमच्यावर लक्ष ठेवणं काय अवघड आहे? आणि हो, तुझा आवाज अशुभ असतो असं आमच्यात मानतात. तेव्हा तू आपली त्या कडेच्या खडकावर बस. आवाज ऐकू आला म्हणजे झालं, तू दिसायला नकोस.”

टिटवी कडेच्या खडकावर जाऊन बसली. वाघरू आले की ती ओरडे, कोल्हा आला की ओरडे. चितळे उड्या मारत दाट झाडीत शिरत, मोर फांद्यांवर चढत आणि उघड्या खडकावर उरे ती एकटी टिटवी. ती वाचली की गेली हे पाहायला कोणी मागे वळत नसे. कुरण भरून प्राणी होते, पण तिच्याशी बोलायला कोणी येत नसे, आणि तुझे घर कुठे, तुला पोरेबाळे किती, हे तिला एकानेही विचारले नाही. एकटेपण म्हणजे आजूबाजूला कोणी नसणे, असे टिटवीला माळावर वाटायचे. खरे एकटेपण तिला इथे कळले.

पहिल्या दिवशी वाघरू निघून गेल्यावर तिने सवयीने ‘कुर्रऽ कुर्रऽ’ केले. लगेच मोर पिसारा सावरत फांदीवरून ओरडला, “हे काय नवीन?”

“धोका गेला, असं सांगते आहे मी,” टिटवी म्हणाली.

“ते आमचं आम्हांला कळतं. तुझ्या दोन-दोन आवाजांनी आमचा गोंधळ होतो. ज्याच्यासाठी तुला ठेवलं आहे तेवढा आवाज काढ.”

तेव्हापासून टिटवीने दुसरा आवाज बंद केला. सुरुवातीला ती संध्याकाळी मनातल्या मनात तो म्हणून बघे. पण रात्रंदिवस ओरडून ओरडून घसा खरवडून निघाला होता. पुढे पुढे मनातही म्हणायचे राहून गेले. खायला मात्र तिला पोटभर मिळे. त्यातली चांगली जाड गांडुळे वेचून ती बगळ्याकडे देई. वाटेत बगळ्याची चोचही थोडी ओली होत असणार, पण आपण ते सोडून देऊ. तो परत आला की टिटवी विचारी, “पिल्लू कसं आहे?” बगळा म्हणे, “मजेत आहे.” तो सगळ्यांना सगळ्यांविषयी हेच सांगत असे. तरी टिटवी तेवढ्या एका शब्दावर पुढचा दिवस काढी.

एकदा मात्र बगळा म्हणाला, “मजेत आहे. पंखही फुटायला लागलेत.”

टिटवी ताडकन उठली. “मला गेलं पाहिजे. त्याला उडायला शिकवायचं आहे.”

ती चितळाला सांगायला गेली, तेव्हा त्याने मान वर केली नाही. तो म्हणाला, “जातेस? जा. त्या बाजूच्या माळावरच्या दोघी केव्हाच्या येऊन बसल्या आहेत.” टिटवीने वळून पाहिले. झाडीच्या कडेला दोन रोडक्या टिटव्या अवघडून उभ्या होत्या. त्यांतल्या एकीने हळूच विचारले, “काम कसं आहे गं इथलं?” टिटवी काय सांगणार? ती म्हणाली, “गांडुळं चांगली आहेत.” आणि ती उडाली.

दिवस कलता कलता ती माळावर पोचली. तेच दगड, तीच धूळ. तिचे काळीज आनंदाने धडधडू लागले. पलीकडे काहीतरी लुटुलुटु पळताना तिला दिसले. पिल्लूच ते! केवढे थोरले झाले होते! टिटवीने मान खाली केली, घसा मऊ केला आणि हाक मारली.

‘टिट्-टिट्-टिटीऽव!’

पिल्लू दिसेनासे झाले.

टिटवी घाबरली. असे कसे झाले? तिने पुन्हा हाक मारली. पुन्हा तोच आवाज, पहिल्याहून मोठा. ती दगडांमधून धावू लागली. हा दगड की पिल्लू? हा की तो? आपणच शिकवलेली विद्या ती, पिल्लू ती कशी विसरेल? टिटवी जितकी व्याकूळ होऊन ओरडे, तितके ते पोट जमिनीशी अधिकच दाबून घेई. आई पिल्लाच्या अगदी जवळून दोनदा गेली आणि तिला ते दिसले नाही. “अरे, मी आहे!” असे तिला सांगायचे होते. पण पिल्लाला साद घालायला चोच उघडली की निघे ते एकच, पळा, लपा, धोका आला.

तो गोंगाट ऐकून कासवीण डुलत डुलत आली. “तू होय! मला वाटलं घोरपड आली.”

टिटवी रडू लागली. “आजी, माझा आवाज गेला. माझा दुसरा आवाज गेला.”

कासवीण तिच्याजवळ सरकली. मग म्हणाली, “तू गेलीस त्या दिवशी हे पोर अंधार पडेपर्यंत दगड होऊन पडलं होतं. मी हलवलं, ढकललं, पाठीवर घ्यायला बघितलं. उठेना. तू ‘ये’ म्हटलं नव्हतंस ना! मग काय करणार? तू रोज संध्याकाळी म्हणायचीस ते मी इतकी वर्षं ऐकत आले होते. माझ्या या फुटक्या गळ्यातून जमेल तसं म्हणून बघितलं.”

असे म्हणून कासविणीने मान बाहेर काढली आणि घोगऱ्या, तुटक्या आवाजात ‘कुर्रऽ… कुर्रऽ…’ केले.

टिटवीच्या पायाशी असलेला एक दगड उठला. तिच्याकडे न बघता तो तिला वळसा घालून पळाला आणि कासविणीच्या पोटाशी शिरला. तिथून चोच बाहेर काढून पिल्लाने विचारले, “आजी, धोका गेला का?”

कासवीण म्हणाली, “धोका नव्हे रे. ही तुझी आई.”

पिल्लाने टिटवीकडे निरखून पाहिले. मग हळूच विचारले, “गांडुळं पाठवते ती?”

“हो रे, बाळा,” असे म्हणण्यासाठी टिटवीने चोच उघडली. पण आतून कोणता आवाज निघेल या भीतीने तिने ती पुन्हा मिटून घेतली.

तात्पर्य : पोटासाठी परमुलखात आवाज विकावा लागला तर विकावा, पण आपल्या माणसांना जवळ बोलावण्यापुरता थोडा राखून ठेवावा. आणि ज्याच्या राखणीवर आपण निवांत मान खाली घालून चरतो, त्याचे पिल्लू कोणाच्या पोटाशी वाढते आहे, हे त्याला एकदा तरी विचारावे.