थांबायचं शिक्षण

मिरजेच्या डान्स स्टुडिओत कथक, सालसा, झुंबा असे सगळे क्लास चालत. नवे मालक भाऊसाहेब रेठरेकर एके दिवशी बूट न काढताच लावणीच्या क्लासात शिरले.

"शेवंताबाई, हा क्लास बंद करा. ढोलकी वाजली की पाय आपोआप नाचतात. त्यात शिकवायचं काय?"

शेवंताबाई हसल्या. "बरं साहेब. जाता जाता एकदा बघून तर जा."

ढोलकी कडाडली. मुली नाचू लागल्या, तसा साहेबांचा बूटही ताल धरू लागला. बाईंनी बोट वर करताच ढोलकी थांबली आणि मुलीही जागच्या जागी थबकल्या. त्या शांततेत साहेबांचा बूट तेवढा एकटाच आपटला. टप्प!

"पाय आपोआप नाचतात, साहेब," बाई म्हणाल्या, "पण आपोआप थांबत नाहीत. ते आम्ही शिकवतो."

सोमवारी लावणीच्या दाराबाहेर, मुलींच्या चपलांशेजारी, तेच बूट काढून ठेवलेले होते.